जुन्या जिमवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज जो तो पुढे ढकलतोय. सूर असा: जुन्या जिममध्ये शास्त्र नव्हतं, नुसती ढोरमेहनत होती, तिथे व्यायाम करणाऱ्यांचे गुडघे गेले, अंग आखडलं, आणि जी शरीरं दिसली ती औषधांची, खरा व्यायाम मशीन आणि ॲप आल्यावर सुरू झाला. माझी उमेदीची वर्षं अशाच एका जिममध्ये गेली. हे वाचून गप्प बसवत नाही.

‘शास्त्र नव्हतं’ यापासून सुरुवात करतो. आमच्यात प्रत्येकाची एक वही असायची. घामाने पानं फुगलेली, शाई पसरलेली. व्यायामाचं नाव, वजन, सेट, रेप (म्हणजे एका सेटमध्ये तीच हालचाल किती वेळा केली). मागच्या वेळी आठ रेप निघाले होते, आज दहा निघाले, म्हणजे पुढच्या खेपेला बारच्या दोन्ही टोकांना सगळ्यात लहान प्लेट चढणार. वजन असं टप्प्याटप्प्याने वाढवणं हाच ताकद वाढवण्याचा पाया आहे. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना याच पद्धतीने उभं केलं आणि 1945 मध्ये त्यावर लेख छापला. डीलॉर्म स्वतः वजनं मारायचे. म्हणजे इथे जिममधली रीत दवाखान्यात गेली. आजचं ॲप तरी आणखी काय विचारतं? तेच वजन, तेच रेप.

गुडघ्यांची भीती मुख्यतः 1961 पासूनची. टेक्सस विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी तेव्हा सांगितलं की पूर्ण खाली बसून स्क्वॉट मारले तर गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही, पण भीती मात्र टिकली. गुडघा दुखावतो तो तयारी नसताना चढवलेल्या वजनाने आणि बिघडलेल्या फॉर्मने. आमच्याकडे रिकाम्या बारने नीट बसता आल्याशिवाय कुणी प्लेटला हात लावू देत नसे. हट्ट करून वजन चढवणारे आणि दुखापत करून घेणारे तेव्हाही होते, नाही असं नाही. ते आजच्या चकचकीत जिममध्येही आहेत.

‘अंग आखडतं’ याचं उत्तर तर 1940 मध्येच मिळालंय. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात, प्राध्यापक पीटर कार्पोविच यांच्यासमोर, शरीरसौष्ठवपटू जॉन ग्रिमेक यांनी पाय दोन्हीकडे सपाट पसरून दाखवले. वजनं मारणारा माणूस जड आणि संथ होतो, असं मानणाऱ्या कार्पोविच यांनी पुढे स्वतः अभ्यास केला. 1951 मध्ये निष्कर्ष आला: वजनं मारणाऱ्यांचे हात इतरांपेक्षा जास्त चपळ.

औषधांचा मुद्दा मी झटकणार नाही. डायनाबॉल या स्टिरॉइडच्या, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या औषधाच्या, गोळ्या 1958 मध्ये बाजारात आल्या आणि त्यानंतरच्या स्पर्धांवर त्यांची सावली आहे. हे लपवणारा या खेळाचा मित्र नव्हे. पण ग्रिमेक यांचे मिस्टर अमेरिका किताब 1940 आणि 1941 चे, स्टीव्ह रीव्हज यांचा 1947 चा, म्हणजे या गोळ्या येण्याआधीचे. आणि मंचावरच्या मूठभरांवरून त्या चार भिंतींत घाम गाळणाऱ्या सगळ्यांवर शिक्का मारणं हा निव्वळ अन्याय आहे.

मशीनबद्दल थोडक्यात. जुन्या लोकांना मशीनचं वावडं नव्हतं. जो गोल्ड यांनी 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसला जिम उघडली तेव्हा बरंचसं सामान स्वतः बनवलं होतं. स्नायू वाढवायला मशीन आणि सुटी वजनं यांत फारसा फरक पडत नाही, असंच आजचे अभ्यास सांगतात. मग एकाला विज्ञान आणि दुसऱ्याला अडाणीपणा का म्हणायचं?

शेवटचा आरोप मला सगळ्यात जास्त लागला: ‘तिथे नवख्याला कुणी विचारत नसे’. बेंचवर पाठ टेकलेली, बार छातीपासून वीतभर वर येऊन अडकलेला, कोपरं थरथरतायत. मागे उभा असलेला माणूस बार उचलून घ्यायचा नाही. दोन बोटं खाली लावायचा, अगदी हवं तेवढंच बळ द्यायचा आणि म्हणायचा, ‘सोडू नको, जातोय, जातोय.’ बार रॅकवर ठेवल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं: ‘डावा हात मागे राहतोय, वजन कमी कर.’ तो माणूस त्या जिममधला सगळ्यात ताकदवान असायचा, आणि स्वतःचा सेट थांबवून आलेला असायचा.