बोटभर फट

पसरणी घाटात जीप नुसतीच ओरडायला लागली. इंजिन बोंबलतंय, गाडी गोगलगाईच्या चालीने, आणि आत जळका वास. मागून स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या क्रेट घेऊन येणारा टेम्पो हॉर्नसुद्धा न वाजवता पुढे गेला. एवढी दया मला सोसवेना. क्लच प्लेट गेली होती.

गॅरेजवाल्याने मजुरी सांगितली आणि माझा स्वाभिमान जागा झाला. (स्वाभिमान आणि चिकटपणा यांत आमच्या घराण्यात फारसा फरक करत नाहीत.) गाडी 1989 ची, पण कुळी लढवय्यांची. हिची पणजी, अमेरिकन विलीज जीप, दुसऱ्या महायुद्धात होती. 1947 पासून मुंबईत तिची जुळणी होऊ लागली. शिपायांनी चिखलात जी खोलली-जोडली, तिचा क्लच मला वाईत, स्वतःच्या अंगणात बसवता येऊ नये?

क्लच प्लेट म्हणजे भाकरीएवढी वस्तू. पण ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध बसते. त्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, म्हटल्यावर गिअरबॉक्सच्या शेपटीला ती ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, आणि तिथून चाकांकडे पुढे एक, मागे एक असे दोन फिरते दांडे, प्रोपेलर शाफ्ट. भाकरी काढायला अख्खी चूल उपटायची!

पहिला रविवार फ्लोअरच्या पत्र्याचे गंजके स्क्रू काढण्यात गेला. दुसऱ्या रविवारी गिअर ऑइलचा ड्रेन बोल्ट उघडला आणि घमेलं वीतभर चुकलं. त्या ऑइलला नासक्या अंड्याचा वास असतो. तीन अंघोळी करून सोमवारी शाळेत गेलो, तरी सातवी 'ब'ची पहिल्या बाकावरची पोरं तिसऱ्या बाकावर सरकली.

तिसऱ्या रविवारी जोडणी. प्लेट मध्यावर धरायला खराट्याच्या दांड्याला टेप गुंडाळून घातली. ("अहो, खराटा कुठाय?" याला मी उत्तर दिलं नाही.) मग गव्हाच्या पोत्याला भारी तो गिअरबॉक्स जॅकवर चढवून पुढे रेटला. सरकला, सरकला, आणि बोटभर फट ठेवून थांबला. हलवला, ढकलला, पाय लावून रेटला. फट तेवढीच. शेवटी बोल्ट आवळून ओढून घ्यावा म्हणून पाना लावला, तोच कुंपणापलीकडून शेजारचे तात्या ओरडले, "सर, कान तुटंल त्याचा!"

तात्यांची हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली. तीन रविवार ते खुर्ची टाकून हा खेळ बघत होते.

"गिअरमध्ये टाका. आता मागची फ्लँज, ती शाफ्ट जोडायची चकती, हातानं फिरवा. हळू. दाते जुळू द्या."

फिरवली. खट्ट! फट गायब. मला रडू यायचं बाकी होतं.

संध्याकाळी सगळं आवळून स्टार्टर मारला. क्लच पार तळाला दाबला, पहिला गिअर टाकला. कर्रर्र! पुन्हा दाबला. कर्रर्र! लिंकेज ताणून पाहिलं, ढिलं करून पाहिलं. क्लच सुटतच नव्हता; पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला सोडेना.

तात्यांनी खुर्चीवरूनच विचारलं, "प्लेट उलटी तर नाही ना बसवली?"

"उलटी-सुलटी कळणार कशी?"

"तिच्यावर लिहिलेलं असतंय की, फ्लायव्हील साइड म्हणून. आपल्याला काय इंग्रजी वाचता येत नाही, पण तुम्ही तर तेच शिकवता न्हवं?"

मी पुन्हा जॅक शोधायला लागलो.