कान धरून उठाबशा काढल्या की मूल हुशार?

‘उजव्या हाताने डाव्या कानाची पाळी, डाव्या हाताने उजव्या कानाची पाळी धरा, रोज 14 उठाबशा काढा, मूल तल्लख होईल.’ ‘सुपर ब्रेन योगा’चा हा मेसेज परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर उगवतोच. तिथून आजी-आजोबांच्या फोनवर आणि मग नातवंडांच्या कानांवर, अगदी शब्दशः.

पाळ्या दाबल्या की मेंदूचे दोन भाग जोडले जातात म्हणे. ते कॉर्पस कॅलोसम नावाच्या सुमारे 20 कोटी तंतूंच्या जुडग्याने आधीच जोडलेले असतात, त्याचं बटण पाळीत नाही. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, अल्फा लहरी वाढतात, असाही दावा असतो. त्या तर नुसते डोळे मिटले तरी वाढतात.

खरा संताप येतो तो मेसेजच्या शेवटच्या ओळीचा: ‘म्हणूनच जुने गुरुजी ही शिक्षा द्यायचे.’ शिक्षेतल्या उठाबशा 14 वर थांबत नाहीत, पन्नास-शंभरावर जातात. खाली बसताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यामुळे सवय नसेल तर तंतू फाटतात. अतिरेक झाला तर रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायूंची मोडतोड: स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं. एक-दोन दिवसांत मांड्या सुजतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. तेव्हा तेल चोळत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. शिवाय शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षेला मनाई करतं, तेही गुरुजींच्या आठवणीत रमणाऱ्यांनी वाचावं.

उठाबशी हा व्यायाम म्हणून चांगला, हे मान्य. बैठ्या तासांमध्ये दोन मिनिटं हललेलंही बरंच. पण ‘मैदान नको, 3 मिनिटं पुरे’ हा मेसेजचा दावा साफ खोटा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी 7 ते 9 वर्षांच्या 221 मुलांवर केलेला प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नऊ महिने शाळा सुटल्यावर दिवसाला 70 मिनिटांच्या आसपास दमवणारे खेळ, दुसरा गट प्रतीक्षा यादीत. आजूबाजूची चित्रं उलट्या दिशेला असताना फक्त मधल्याची दिशा सांगायची, अशा चाचणीत खेळणारी मुलं जास्त सुधारली. चाचणी लक्षाची होती, मार्कांची नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं शारीरिक हालचाल सांगते. वेग निदान असा हवा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पीटीच्या तासाला पन्नास मुलं एका चेंडूसाठी रांगेत उभी केली तर हे जमत नाही. ‘आउट झाला, बाहेर बस’ या खेळांत तर ज्याला पळायची सगळ्यात गरज, तेच पोर आधी बसतं. त्यापेक्षा साखळीची पकडापकडी घ्या: पकडला गेलेला हात धरून साखळीत पळतो, चार जण झाले की साखळी दोन-दोनांत तुटते आणि दोन्ही पुन्हा पळत सुटतात.