अंगातला करंट आणि कूलरचा करंट

थंडी पडली की आमच्या परभणीत दोन गोष्टी हमखास येतात: हुरडा आणि तो मेसेज. 'दाराच्या कडीला हात लावला की करंट बसतो? तुमच्या शरीरात वीज साठलीय. ती मोबाईल जाळते. तांब्याचं कडं घाला, वीज उतरेल. झटका जाणवत नसेल तर कॉम्प्युटर बिनधास्त खोला.' यंदा तीन ग्रुपवर आला. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसणारा माणूस, गप्प राहवत नाही.

वीज साठते हे खरं. पण तो आजार नाही. पॉलिस्टरचा स्वेटर काढताना, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना कापड घासतं आणि अंगावर विजेचा भार जमतो. ओल असली की तो निसटून जातो, म्हणून पावसाळ्यात फारसा टिकत नाही, कोरड्या थंडीत हलत नाही. सुती कापड वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. (कापूस पिकवायचा आपण, अन् अंगात पॉलिस्टर!)

मोबाईल जळतो? व्होल्ट हजारांत असले तरी साठा चिमूटभर असतो, आणि न खोललेल्या मोबाईलमध्ये त्यासाठी संरक्षण दिलेलं असतं. बॅटरी उतरण्याचं खापर अंगावर फोडू नका.

खरा घात मेसेजच्या शेवटच्या वाक्यात आहे. झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. उघड्या बोर्डावरच्या काही नाजूक आयसी (चिप) मात्र शंभर-दोनशे व्होल्टलाही जायबंदी होतात. म्हणजे तुम्हाला काही कळलं नाही आणि काम झालेलं असतं. बरं, आयसी लगेच मरेलच असं नाही. कधी नुसती लंगडी होते. फार पूर्वी मी स्वेटर घालून एका गिऱ्हाइकाची रॅम बसवली. चालू झाली. महिन्याभरात मशीन हँग होत परत आलं. माझ्यामुळेच गेली हे सिद्ध करता येणार नाही, पण तेव्हापासून टेबलावर मनगटाला अंगातली वीज उतरवणारा पट्टा बांधल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही.

आणि तो पट्टा म्हणजे कडं नव्हे. नुसत्या कड्यातून वीज जाणार कुठे? पट्ट्याला अर्थिंगची वायर असते, आणि मध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर. चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून पाव मिलिअँपियरसुद्धा जात नाही.

मेसेजचा सगळा घोळ 'करंट' या एका शब्दात आहे. एकदाच चट्कन बसला आणि संपला, तो अंगातला. सीपीयूच्या डब्याला हात ठेवल्यावर मुंग्या येतच राहतात, तो लाइनचा. प्लगची तिसरी पिन छाटलेली असते, नाहीतर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात पार वाळलेला असतो. त्यात पाणी कोण घालतो?

मागच्या एप्रिलमध्ये याच मेसेजखाली एका काकूंनी विचारलं होतं, "आमच्या लोखंडी कूलरला हात लावला की करंट येतो, कड्यानं जाईल का?"

काकू, कूलरला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा, अन् वायरमन येऊन जाईपर्यंत त्यात पाणी भरू नका.