खुलासा : देवीसिंह शेखावत हे फक्त ‘राष्ट्रपतींचे पती’ नव्हते

माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचे पती ‘पाटील’ आडनावाचे साधे शेतकरी होते आणि पत्नीमुळेच राजकारणात आले, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे.

शेती खरी. पण त्यांचे नाव डॉ. देवीसिंह रणसिंह शेखावत. मुंबई विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली होती. १९८५ मध्ये ते अमरावतीचे आमदार झाले आणि पुढे शहराचे पहिले महापौर. ताई राष्ट्रपती झाल्या त्या थेट २००७ मध्ये! मग पत्नीच्या पदाचा यात संबंध कुठे येतो?

आडनावाचा घोळही इथूनच. ‘पाटील’ हे ताईंचे माहेरचे, वडील नारायणराव पाटील यांचे. १९६२ मध्ये त्या जळगावातून आमदार झाल्या, लग्न झाले ७ जुलै १९६५ रोजी. लोकांना ठाऊक असलेले आडनाव त्यांनी राखले, मधले नाव तेवढे पतीचे घेतले : प्रतिभा देवीसिंह पाटील. मुलगा मात्र वडिलांचेच आडनाव लावतो. २००९ मध्ये अमरावतीतून निवडून आलेले रावसाहेब शेखावत ते हेच.

देवीसिंहांचे २४ फेब्रुवारी २०२३ रोजी पुण्यात निधन झाले. गेलेल्या माणसाची उभी हयात अशी एका ओळीत पुसू नये. तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.