गव्हर्नर व्हायचंय? मग उयोआसाहेबांचा कित्ता गिरवा

तर मंडळी, उद्या तुम्हाला कोणी अख्खी वसाहत सांभाळायला दिली तर स्पेनच्या अंतोनियो दे उयोआकडून शिकून घ्या. आधी प्रचंड हुशार व्हा. आरमारात भरती व्हा, एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे 1735 मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण अमेरिकेतल्या क्विटोला निघा आणि अँडीजच्या थंडीत वर्षानुवर्षं पृथ्वीचा आकार मोजत बसा. परतताना इंग्रजांनी पकडलं तरी टेन्शन नको, लंडनला नेऊन रॉयल सोसायटीचं, म्हणजे तिथल्या नामांकित शास्त्रज्ञ मंडळाचं, फेलो करतात, कैदेत इतका मान आमच्याकडे फक्त पुढाऱ्यांना मिळतो.

मग पेरूत वानकावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीवर गव्हर्नर व्हा, तिथला भ्रष्टाचार उकरा, सगळ्यांशी वाकडं घ्या आणि शेवटी स्वतःच "सोडवा इथून" म्हणून अर्ज करा. झालं, अनुभव मिळाला, आता उत्तर अमेरिकेतलं लुईझियाना तुमचंच!

मार्च 1766, लुईझियानाची राजधानी न्यू ऑर्लिन्स. फ्रान्सने हा मुलूख 1762 मध्येच स्पेनला देऊन टाकलेला, तिथल्या लोकांना विचारतंय कोण. तुम्ही नव्वदएक शिपाई घेऊन उतरा, फ्रेंच शिपाई आपल्याकडे येतील अशी आशा धरा, ते नाही म्हणाले की गप्प बसा. गावात झेंडा त्यांचाच राहू दे, हुकूम फ्रेंच कमांडंटच्या तोंडून सोडा, म्हणजे साहेब कोण हे कुणालाच कळायला नको.

लग्नाचं विशेष लक्षात ठेवा हां. नवरी पेरूची, ती येईपर्यंत मिसिसिपीच्या मुखाशी बालीझच्या चिखलात महिनोन्‌महिने मुक्काम करा आणि तिथेच गुपचूप लग्न उरका. गावाला ना आवतण ना जेवण, मग गावातल्या बायका नवरीबद्दल काय काय बोलल्या असतील ते तुम्हीच ओळखा.

एवढं करूनही लोक शांत असतील तर 1768 मध्ये व्यापारावर स्पॅनिश निर्बंध लादा, बोर्दोच्या वाइनवर वाढलेल्या माणसाची वाइनच तोडा. ऑक्टोबरअखेर बंड हमखास! वसाहतीचं कौन्सिल चालतं व्हायला तीन दिवसांची मुदत देईल, 1 नोव्हेंबरला तुमचं जहाज हलेल. जहाज बांधलेला दोर म्हणे कुठल्याशा वरातीतल्या पिऊन तर्र झालेल्या पाहुण्यांनी कापला, निदान कुणाच्या तरी लग्नाचा उपयोग झाला.

आणि करिअर संपलं असं समजू नका. 1779 मध्ये आरमाराची तुकडी मिळते, सोबत बंद पाकिटात गुप्त हुकूम, इंग्रजांची हिंदुस्थानाकडून येणारी आठ जहाजं पकडायचे. आता अभ्यासात डोकं असलेल्या माणसाला पाकीट उघडायचं राहून गेलं म्हणतात, आपण नाही का बँकेची पत्रं फ्रिजवर ठेवून विसरत. कोर्टमार्शल झालं, निर्दोष सुटले.