छापील दाढ

रूट कॅनॉल झालेली दाढ बरीचशी कोरली गेलेली असल्यामुळे चावण्याच्या जोराने तिला तडा जाऊ शकतो, म्हणून तिच्यावर कॅप बसवावी लागते, इथपर्यंतचे शास्त्र मला मान्य होते. माझी भीती होती ती मापाची. एका ट्रेमध्ये अल्जिनेटचा किंवा सिलिकोनचा लगदा थापून तो तोंडात दाबायचा आणि तो घट्ट होईपर्यंत रुग्णाने नाकाने श्वास घेत आपल्या पूर्वायुष्याचा आढावा घ्यायचा, अशी ती पद्धत. डॉक्टरांनी मात्र प्रसन्नपणे सांगितले, "आता तसलं काही नाही. आता आपण दाढ प्रिंट करतो." प्रिंटरविषयीचा माझा एकंदर अनुभव असा आहे की, सर्वांत निकडीच्या कागदाच्या वेळीच त्याची शाई संपते, पण उघड्या तोंडाने मतभेद व्यक्त करता येत नाहीत.

लगद्याच्या जागी एक जाडसर कांडी आली. ही कांडी तोंडात प्रकाश टाकत भराभर प्रतिमा टिपते आणि संगणक त्या एकमेकींना जोडून जबड्याचा त्रिमितीय नकाशा तयार करतो. तिला जे दिसते तेवढेच ती मानते. लाळ साचली की लाळेचाच पृष्ठभाग ती दाताचा म्हणून नोंदवते, आणि दाढेची कड हिरडीखाली दडलेली असेल तर ती कड तिच्या लेखी अस्तित्वातच नसते. म्हणून हिरडी आणि दाढ यांच्यामध्ये एक बारीक दोरा खुपसून हिरडीला आधी बाजूला सारतात. (जाहिरातीतल्या हसऱ्या रुग्णांच्या तोंडात हा दोरा मी कधी पाहिलेला नाही.) जिभेला बाजूला सारणारा दोरा अद्याप निघालेला नाही. तोंडात कोणी पाहुणा आल्याचे कळताच माझी जीभ जातीने स्वागताला गेली आणि पडद्यावर जबड्याशेजारी एक गुलाबी टेकाड उगवले. डॉक्टरांनी ते माउसने पुसून टाकले. ही सोय घरच्यांच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असे मी तिथेच ठरवले.

खरी परीक्षा पुढे होती. वरचा जबडा झाला, खालचा झाला. आता ते दोन्ही एकमेकांवर कसे बसतात, हे संगणकाला कळायला हवे होते. "नेहमीसारखे दात मिटा," डॉक्टर म्हणाले. मी दात मिटले आणि लगेच शंका आली, की मी नेहमी असेच मिटतो का? दुधाचे दात आल्यापासून जे काम मी कसलाही विचार न करता करत आलो होतो, ते आज्ञेवरून करायचे म्हटल्यावर जबडा आधी जरा पुढे गेला, मग त्याची भरपाई म्हणून डावीकडे सरकला आणि शेवटी कुठे थांबावे हे न कळून अधांतरी राहिला. "अहो, नेहमीसारखं!" असे डॉक्टर जितक्या वेळा म्हणत, तितका माझा नेहमीपणा माझ्यापासून दूर जाई. भुलीमुळे एका बाजूचा ओठ जागेवर आहे की नाही याचाही पत्ता नव्हता. अखेर माझ्या जबड्याची जी मुद्रा नोंदली गेली, तिच्याविषयी मी शपथेवर काही सांगू शकणार नाही. आणि पुढची सारी अचूकता नेमकी त्याच मुद्रेवर उभी राहणार होती.

संगणकाजवळ दाढांच्या आदर्श आकारांचा संग्रह असतो. त्यातून डॉक्टरांनी माझ्यासाठी एक दाढ निवडली, जिच्या उंचवट्यांचे सौंदर्य माझ्या मूळ दाढेला तरुणपणीही लाभले नसावे. मात्र समोरची दाढ झिजलेली असल्यामुळे या नव्या दाढेचे उंचवटेही त्यांना उतरवावे लागले, म्हणजे ती जन्मतःच प्रौढ झाली. मग रंगाची निवड झाली. दातांच्या छटांचा तक्ता माझ्या ओठांशी धरून डॉक्टर सहायकाला म्हणाले, "ए३." प्रिंटर आहे म्हणजे कागदाचा आकार सांगत असतील, अशी मी समजूत करून घेतली, ती छटा जाहिरातीतल्या शुभ्रतेपासून किती लांब आहे, ते तक्ता नीट पाहिल्यावर कळले.

प्रत्यक्ष छपाईत पाहण्यासारखे फारसे काही नसते. प्रकाशाने कडक होणारे द्रव रेझिन थराथराने घट्ट करत वस्तू घडवायची, या पद्धतीसाठी चक हल या अमेरिकन अभियंत्याने १९८४ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९८६ मध्ये त्याला ते मिळाले. एक थर साधारण ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा धरला, तर सेंटिमीटरभर उंचीला २०० थर लागतात. माझी दाढ यंत्राच्या तबकाला उलटी लटकून रेझिनमधून हळूहळू वर आली, अल्कोहोलमध्ये न्हाली, आधाराच्या काड्या कापून घेऊन पुन्हा प्रकाशात भाजून निघाली.

आणि मग डॉक्टरांनी सांगितले, की ही तात्पुरती आहे. रेझिनच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या कॅपही आता छापतात. पण मी झोपेत दात खातो हे दाढांच्या झिजेवरून त्यांनी ओळखले होते, त्यामुळे कायमची कॅप झिरकोनिया या कणखर सिरॅमिकची असणार होती. ती त्यांच्याकडे छापत नाहीत, कोरतात : झिरकोनियाच्या कच्च्या ठोकळ्यातून आधी मुद्दाम मोठी, कारण भट्टीत ती आक्रसून मापाला येते. छापील दाढेने तोपर्यंत माझा चावा तपासायचा होता. म्हणजे माझ्या तोंडात बसली होती ती दाढेची कच्ची प्रत.

ती चिकटवण्याआधी डॉक्टरांनी, दात टेकतील तिथे ठिपका उमटवणारा निळा कागद दातांमध्ये धरला. "नेहमीसारखं चावा. उंच लागते का?" दाताच्या मुळाभोवतीच्या अस्थिबंधाला मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही जाणवतो, पण ती जाणीव भुलीच्या अमलाखाली होती. "थोडीशी," मी अंदाजाने म्हणालो. त्यांनी निळा ठिपका घासला. "आता?" मी पुन्हा अंदाज केला, त्यांनी पुन्हा घासले. संगणकाने थरावर थर चढवून साधलेली उंची आम्ही दोघे मिळून माझ्या अंदाजपंचे साक्षीवर उतरवत होतो. शेवटी मीच कंटाळून "आता अगदी बरोबर" अशी ग्वाही दिली.

"भूल उतरल्यावर बघा," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "उंच वाटली तर या, परत घासू. आणि मुद्दाम चावून बघू नका. लक्ष न देता चावा." तेव्हापासून लक्ष न देता चावण्याकडे माझे पूर्ण लक्ष आहे.