फॅन असणं हा आजार नाहीये, तो मेसेज पुढे पाठवणं बंद करा

"पालकांनो सावधान, तुमचं मूल कुणाचं फॅन तर नाही ना?" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. आला नसेल तर थोडक्यात सांगते, त्यात पाच दावे आहेत. फॅन असणं हा शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला मानसिक आजार आहे आणि तो दर तीन माणसांत एकाला आहे. फॅन लोक एकलकोंडे असतात, खरे मित्र नसतात म्हणून स्टारच्या मागे लागतात. फॅनचे ग्रुप म्हणजे नुसती झुंड. हे लोक कुणाच्या काडीच्या उपयोगाचे नसतात. आणि शेवटचा, परदेशी कलाकारांच्या नादी लागलेली मुलं स्वतःला 'ग्लोबल सिटिझन' म्हणवायला लागतात, म्हणजे ना घरची ना घाटची.

असे मेसेज मी एरवी वाचतही नाही, पण हा माझ्या ताईकडे पोचला, तिने तो तीनदा वाचला, आणि माझ्या १६ वर्षांच्या भाचीला तिचा फॅन ग्रुप सोडायला लावला, फोन काढून घेतला आणि वर "तुला डॉक्टरकडे न्यायला हवं" असं सगळ्यांसमोर म्हणाली. ती पोरगी तेव्हापासून धड बोलत नाहीये. म्हणून हे लिहितेय, आणि जरा तावातावाने लिहितेय, ते समजून घ्या.

पहिला आजाराचा मुद्दाच घेते कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतंय.

शास्त्रज्ञांनी म्हणे सिद्ध केलंय. काय सिद्ध केलंय ते बघू. २००२ मध्ये मॅककचन, लँग आणि हूरन या तिघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रश्नावली छापली, लोक सेलिब्रिटींमध्ये किती गुंतलेत ते मोजायची. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचं विधान साधारण असं, की मला आणि माझ्या मित्रांना आमच्या आवडत्या कलाकाराने काय केलं यावर गप्पा मारायला आवडतात. बस, एवढंच. आणि सगळ्यात वरच्या पायरीवरचं विधान असं, की माझा आवडता कलाकार भेटला आणि त्याने मला काही बेकायदेशीर काम करायला सांगितलं तर मी बहुतेक करेन. ही दोन विधानं शेजारी शेजारी ठेवून बघा. एक म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यावरची गप्पा आणि दुसरं म्हणजे खरोखर काळजी करावी असं काहीतरी. मेसेजवाल्याने काय केलं, तर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि सगळ्यांना रुग्ण ठरवलं. 'तीनपैकी एक' असला आकडा फक्त असाच निघू शकतो, गप्पा मारणारी सगळी माणसं आजारी धरली की. वरच्या पायरीपर्यंत पोचणारे अगदी थोडे असतात.

आणि याच प्रश्नावलीवर पुढे जे काम झालं त्यात पहिल्या पायरीचा संबंध कशाशी दिसला माहितीये का? मोकळ्या, माणसांत रमणाऱ्या स्वभावाशी. चिंता, अस्वस्थपणा वगैरे गोष्टी दुसऱ्या पायरीपासून पुढे दिसायला लागतात. म्हणजे ज्या संशोधनाच्या नावाने आयांना घाबरवलं जातंय ते संशोधनच सांगतंय की बहुतेक फॅन हे चारचौघांसारखेच, उलट जरा जास्तच बोलके. शिवाय हा आजार मानसोपचारतज्ज्ञ ज्या अधिकृत याद्या वापरतात, डीएसएम आणि आयसीडी, त्यात नाहीच. ती प्रश्नावली संशोधनासाठी आहे, निदानासाठी नाही. कुणाच्या मुलीला त्यावरून पेशंट ठरवायचा अधिकार कुणालाच नाही, व्हॉट्सॲपवरच्या निनावी माणसाला तर नाहीच नाही.

वरच्या पायरीवरची माणसं असतात हे मी नाकारत नाहीये. कलाकाराचा पाठलाग करणारे, त्याच्या घरापर्यंत जाणारे, सगळे साठवलेले पैसे उधळणारे असतात. त्यांना मदत लागते आणि ती वेळेवर मिळायला हवी. पण गप्पा मारणाऱ्या पोरीला त्यांच्या रांगेत बसवलं की खरी मदत कुणाला लागतेय तेच कळेनासं होतं.

आता मेसेजमधली मूळ चूक, जिच्यावर बाकीचे चारही मुद्दे उभे आहेत. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात फॅन म्हणजे एक माणूस, एक पोस्टर आणि बंद खोली. बाकीचे फॅन त्याला दिसतच नाहीत. स्टीफन रेसन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये फॅन असण्यातल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात असं मांडलं होतं: आपल्याला तो कलाकार किंवा ती टीम किती जवळची वाटते ही एक, आणि इतर फॅन आपल्याला किती आपले वाटतात ही दुसरी. एखाद्याची पहिली गोष्ट जोरात असते आणि दुसरी शून्य, एखाद्याचं उलट. माझ्या भाचीचंच बघा. तिच्या आवडत्या बँडची नवी गाणी तिला गेल्या वर्षभरात फारशी आवडलेली नाहीत, ती स्वतः म्हणते. तरी ती ग्रुप सोडायला तयार नव्हती, कारण ग्रुपमधल्या मुली. ती काय करायची तिथे, तर मुलाखतींचं भाषांतर तपासायची, कुठल्या देशात किती वाजता लाइव्ह दिसणार त्याचा तक्ता लावायची, परीक्षा असलेल्या मुलींना कुणी टॅग करायचं नाही असा नियम तिनेच घालून दिलेला, आणि नवीन आलेली मुलगी इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसली की तिला तिच्या भाषेची दुसरी मुलगी शोधून द्यायची. ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिने फक्त भिंतीवरचं पोस्टर बघितलं.

एकलकोंडेपणाचा मुद्दा यातच निकालात निघतो. अमेरिकेतले डॅनियल वान हे खेळांच्या चाहत्यांवर कित्येक वर्षं काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं ते असं की आपल्या भागातल्या टीमशी घट्ट जोडलेल्या लोकांमध्ये एकटेपणा कमी असतो. का, तर आजूबाजूला तीच टीम मानणारी माणसं असतात, बोलायला विषय असतो, ओळख नसताना ओळख निघते. लांबच्या टीमच्या बाबतीत हा फायदा तितका ठळक दिसत नाही, कारण आजूबाजूला माणसं नसतात. म्हणजे फायदा टीममुळे कमी आणि माणसांमुळे जास्त आहे. मग मुलगी एकटी पडू नये म्हणून तिची माणसंच काढून घ्यायची हे कुठलं शहाणपण?

तिसरा मुद्दा, झुंड. इथे मला थोडं मान्य करावं लागतंय, मनातून नको वाटत असलं तरी. फॅन मंडळी वाईट वागतात, कधीकधी भयंकर वागतात. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियमवर लिव्हरपूल आणि युव्हेंटस या फुटबॉल क्लबांच्या फायनलआधी लिव्हरपूलच्या समर्थकांनी दुसऱ्या बाजूच्या प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली. २०१८ मध्ये 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या केली मेरी ट्रान या अभिनेत्रीने इतक्या शिव्या खाल्ल्या की इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या, आणि शिव्या देणारे त्याच चित्रपटमालिकेचे फॅन म्हणवणारे होते. याचं समर्थन होऊच शकत नाही. आपलं आणि परकं करायची खोड माणसात इतकी खोल आहे की हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास शाळकरी मुलांना अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गटांत टाकलं तरी मुलं आपल्या गटाला झुकतं माप द्यायला लागली, समोरचा कोण आहे हेही माहीत नसताना. पण मग हे फक्त फॅनचं दुखणं कसं? हे जातीचं, पक्षाचं, देशाचं, कॉलेजचं, सगळ्याच गटांचं आहे.

आणि आपलं-परकं करणाऱ्या या कुंपणाचं काय करता येतं हे ज्या प्रयोगाने दाखवलं तो फॅनवरच झालाय. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो म्हणून नीट सांगते. मार्क लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल टीमचे चाहते बोलावले, २००५ मध्ये तो छापून आला. आधी त्यांच्याकडून आपल्या टीमबद्दल प्रश्नावली भरून घेतली, मग म्हणाले आता समोरच्या बिल्डिंगमध्ये जा. वाटेत एक माणूस पळत येतो, घसरतो, घोटा धरून विव्हळतो. हा माणूस त्यांचाच, ठरवून पडलेला. कधी त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट, कधी कट्टर वैरी लिव्हरपूलचा, कधी साधा. मँचेस्टरचा शर्ट दिसला की जवळजवळ प्रत्येक जण मदतीला थांबला. लिव्हरपूलचा किंवा साधा असला तर साधारण तिघांतला एक. झालं, मेसेजवाला इथेच टाळ्या वाजवेल की बघा, झुंड! पण पुढे ऐका. दुसऱ्या वेळी सगळं तेच ठेवलं, चाहते मँचेस्टरचेच, फक्त प्रश्नावलीत टीमबद्दल न विचारता फुटबॉलचा फॅन असण्याबद्दल विचारलं, त्यात चांगलं काय आहे वगैरे. आता लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही बहुतेकांनी मदत केली, जवळपास आपल्या टीमवाल्याइतकीच. माणसं तीच, वैर तेच, फक्त 'आपण' म्हणजे कोण याची व्याप्ती वाढली. साध्या शर्टवाल्याला मात्र तेव्हाही फारशी मदत मिळाली नाही, हेही सांगायला हवं, कुंपण मोठं झालं तरी कुंपण राहतंच.

चौथा मुद्दा, कुणाच्या उपयोगाचे नाहीत. यावर वेळ घालवायची इच्छा नाही. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर हॅरी पॉटरच्या फॅन्सच्या संघटनेने १,२०,००० डॉलरहून जास्त पैसे जमवले आणि औषधं-सामान घेऊन पाच विमानं गेली. २०२० च्या जूनमध्ये बीटीएस या कोरियन बँडने वर्णभेदविरोधी चळवळीला १० लाख डॉलर दिल्याचं कळल्यावर फॅन्सनी साधारण एका दिवसात तेवढेच जमवले, छोट्या छोट्या रकमांतून. कंपन्या फॅन्सच्या प्रेमावर बक्कळ पैसा कमावतात, एकच अल्बम चार कव्हरांत विकतात, हे खरं आहे आणि त्यावर बोलायलाच हवं, पण ती तक्रार कंपन्यांबद्दलची आहे, मुलांबद्दलची नाही.

आता शेवटचा, ग्लोबल सिटिझनवाला. 'ना घरची ना घाटची' हे वाक्य ताईने जसंच्या तसं भाचीला ऐकवलं म्हणून तेही सोडत नाही.

रेसन आणि इवा कात्झार्स्का-मिलर यांनी २०१३ मध्ये याचा एक आराखडा मांडला. माणूस स्वतःला जगाचा नागरिक कधी मानायला लागतो, तर दोन गोष्टींमुळे: जगाबद्दलची माहिती, आणि जवळच्या माणसांना ती गोष्ट चांगली वाटते का. आणि एकदा तसं मानायला लागला की काय होतं, तर परक्यांबद्दल आपुलकी, वेगळेपणाचा आदर, न्यायाची चाड, पर्यावरणाची काळजी, मदतीची तयारी आणि आपण काहीतरी करायला हवं ही जबाबदारी वाढलेली दिसते. यात घर विसरणं कुठेय? मग २०१४ मध्ये प्लँट, रॉबर्ट्स, रेसन आणि गर्बासी यांनी हाच आराखडा फॅन गटांवर लावला. जितकं जास्त आपल्या फॅन गटात गुंतणं, तितकं ग्लोबल सिटिझन म्हणून स्वतःकडे बघणं जास्त, आणि मधला दुवा होता गटातलं वातावरण, म्हणजे आपल्या या मित्रमंडळींना जगाचा विचार करणं योग्य वाटतं ही जाणीव. हे फॅन्सनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवरचं काम आहे, फॅन झाल्यामुळेच माणूस असा होतो की असे लोकच त्या गटांत जातात हे त्यातून पक्कं ठरत नाही, आणि ज्या गटात द्वेषच चालतो तिथे द्वेषच शिकला जाणार हेही उघड आहे. पण मेसेज जे सांगतोय त्याच्या बरोबर उलट दिशेला हे सगळं जातंय एवढं नक्की.

आणि घर की जग असं निवडावं लागतं ही कल्पनाच चुकीची आहे. माणसाला कोण किती आपलं वाटतं हे मोजणाऱ्या, सॅम मॅकफार्लंड या मानसशास्त्रज्ञाच्या २०१२ च्या मोजपट्टीत एकेक प्रश्न तीनदा विचारतात, तुमच्या आसपासच्या लोकांबद्दल, देशवासीयांबद्दल आणि जगातल्या सगळ्या माणसांबद्दल. ज्याचा एक आकडा वर त्याचा दुसरा खाली असं होत नाही, तिन्ही सहसा बरोबरच वर जातात. जगाबद्दल आस्था असलेला माणूस आपल्या माणसांवर कमी प्रेम करतो असं दिसत नाही.

आईबापांनी लक्ष घालूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. झोप जातेय का बघा, पैसे कुठे जातायत बघा, आधी आवडणाऱ्या बाकीच्या गोष्टी सुटल्यात का बघा, आणि मुख्य म्हणजे ग्रुपमध्ये कुणाला तरी त्रास द्यायचं ठरतंय का ते विचारा, कारण तिथे मूल दोन्हीकडून अडकतं, शिव्या खाणाऱ्यांत किंवा देणाऱ्यांत. यातलं काही असेल तर बसून बोला, गरज पडली तर समुपदेशकाकडे जा. पण आधी त्या ग्रुपमध्ये रोज काय बोलणं होतं ते तिच्या शेजारी बसून तिच्याकडूनच ऐका, फोन काढून घेण्याच्या आधी.